लिनक्सवर प्रत्येक नाव शोधायला बरोबर पाच सेकंद: डीएनएस नेमकं कुठे अडकतंय?

कोरी_पाटी | सोमवार, २१:१२

नमस्कार मंडळी. गेले दहा-बारा दिवस माझा लॅपटॉप मला छळतोय. डेबियन १२ आहे, वायफायवर चालतो. टर्मिनलमधून काहीही करायला गेलं की तो आधी पाच सेकंद गप्प बसतो आणि मग सगळं झपाझप होतं. गिटवरून कोड ओढा, पॅकेजेस अपडेट करा, दुसऱ्या मशीनवर एसएसएच करा, सगळीकडे तेच. नावाऐवजी थेट आकडा दिला, म्हणजे पिंग १.१.१.१ केलं, तर लगेच उत्तर येतं. तेव्हा लाइन ठीक आहे आणि घोळ नाव शोधण्यात, म्हणजे नावावरून आकडी पत्ता शोधून देणाऱ्या डीएनएसमध्ये आहे, इतपत माझं मला कळलं.

पुढचं मात्र कळत नाही. फायरफॉक्समध्ये ही अडचण अजिबात नाही. त्याच वायफायवर फोनही व्यवस्थित चालतो. नेमसर्व्हर (नावांचे पत्ते सांगणारे सर्व्हर) जिथे लिहिलेले असतात ती /ईटीसी/रिझॉल्व्ह.कॉन्फ मी उघडून आतलं सगळं पुसलं आणि नेमसर्व्हर १.१.१.१ एवढी एकच ओळ लिहिली. लगेच सगळं वेगात चालू झालं! मशीन बंद करून सुरू केलं की माझी ओळ गायब, आणि पुन्हा पाच सेकंद.

ही फाईल मी लिहिल्याप्रमाणे कायम कशी ठेवायची? रोज सकाळी हेच करत बसायचा कंटाळा आलाय.

(कमांड इथे उच्चाराप्रमाणे लिहिते आहे. तुम्हीही तसंच लिहिलंत तरी मी समजून घेईन.)

खटपट्या | सोमवार, २१:३०

सोपं आहे. फाईल हवी तशी लिहा आणि मग सुडो सीएचएटीटीआर +आय /ईटीसी/रिझॉल्व्ह.कॉन्फ. फाईलला कुलूप लागतं, रूटलासुद्धा ती बदलता येत नाही. मी चार वर्षं असंच वापरतोय.

पिंपळपान | सोमवार, २१:५८

खटपट्या, या उपायाला माझा ठाम विरोध आहे. तो चालतो हे मान्य, पण कुलूप लावल्याचं माणूस विसरतो.

मीही असंच कुलूप लावलं होतं. पुढे वर्षभराने प्रवासात एका ठिकाणच्या वायफायला जोडलं, तर लॉगिनचं पान काही केल्या उघडेना. लॉगिन होईपर्यंत ते नेटवर्क बाहेरच्या डीएनएसकडे काही जाऊच देत नव्हतं, आणि माझी फाईल त्याच बाहेरच्या पत्त्यावर खिळलेली. नेटवर्कने स्वतःचा डीएनएस देऊ केला होता, तो लिहायला जागाच नव्हती. नेटवर्कमॅनेजर (जोडण्या सांभाळणारा प्रोग्रॅम) लॉगमध्ये तक्रार करत होता, पण लॉग बघायचं मला सुचलं नाही. काम रात्रीच पाठवायचं होतं. शेवटी फोनचं इंटरनेट वापरून पाठवलं आणि दुसऱ्या दिवशी एलएसएटीटीआर चालवल्यावर ते आय अक्षर दिसलं.

लॅपटॉप फिरता असतो, प्रत्येक नेटवर्कचा डीएनएस वेगळा. फाईल गोठवणं हा त्यावरचा इलाज नव्हे.

तिसरा_डोळा | सोमवार, २२:२०

कोरी_पाटी, फाईल कायम कशी ठेवायची हा प्रश्न जरा बाजूला ठेवा. ती फाईल कोण लिहितंय, हे आधी शोधू. एखादी फाईल तुमच्या मागे पुन्हा पुन्हा बदलत असेल तर तिचा मालक दुसरा कोणीतरी आहे, आणि त्या मालकाशी बोलायचं सोडून आपण फाईलशी भांडतो. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

मशीन पुन्हा सुरू करा. फाईलला हात न लावता दोन गोष्टी बघा.

एलएस -एल /ईटीसी/रिझॉल्व्ह.कॉन्फ चालवा. ती खरी फाईल आहे की बाण दाखवून दुसरीकडे नेणारी सिमलिंक, ते कळेल. बाण /रन/सिस्टीमडी/रिझॉल्व्ह/स्टब-रिझॉल्व्ह.कॉन्फकडे असेल तर मालक सिस्टीमडी-रिझॉल्व्हडी, म्हणजे मशीनवरच नावं शोधून देणारी सेवा. मग आत फक्त १२७.०.०.५३ एवढाच पत्ता दिसेल. तो तुमच्याच मशीनचा पत्ता आहे, आणि खरे नेमसर्व्हर बघायला रिझॉल्व्हसीटीएल स्टेटस चालवावं लागतं. अलीकडच्या उबुंटूत आणि फेडोरात ३३ पासून हीच मूळ रचना आहे. डेबियन १२ मध्ये मात्र रिझॉल्व्हडी मुद्दाम बसवावा लागतो, त्यामुळे तुमच्याकडे तो नसावा.

दुसरं म्हणजे कॅट करून फाईलची पहिली ओळ वाचा. मालक बहुधा तिथे टिप्पणीत स्वतःचं नाव लिहून ठेवतो. ‘जनरेटेड बाय नेटवर्कमॅनेजर’ असेल तर गोष्ट स्पष्टच आहे.

आणि कृपा करून फाईलचा सगळा मजकूर इथे टाका. तुम्ही काय लिहिलंत ते सांगितलंत, पण जे पुसलंत ते सांगितलं नाहीत. मला त्यातच रस आहे.

मुक्ता_क | सोमवार, २२:४१

फायरफॉक्स वेगात चालतो याचं कारण त्याच्या सेटिंगमध्ये सापडेल. ‘डीएनएस ओव्हर एचटीटीपीएस’ चालू केलं आहे का? ते चालू असलं की ब्राउझर तुमच्या रिझॉल्व्ह.कॉन्फकडे ढुंकूनही बघत नाही. तो ४४३ पोर्टवरून थेट आपल्या ठरलेल्या सर्व्हरला विचारतो. त्यामुळे ‘ब्राउझरमध्ये चालतं’ हा डीएनएस ठीक असल्याचा पुरावा आता राहिलेला नाही. मी स्वतः यात दोन तास घालवले आहेत, म्हणून सांगते.

खटपट्या | सोमवार, २२:४९

इतकं खोदायची गरज आहे का पण? नेटवर्कच्या सेटिंगमध्ये जाऊन गूगलच्या डीएनएसचा ८.८.८.८ घाला आणि मोकळे व्हा. कोणाचं का असेना.

पिंपळपान | सोमवार, २३:०३

खटपट्या, उद्या घरातल्या प्रिंटरचं किंवा ऑफिसच्या आतल्या सर्व्हरचं नाव शोधायची वेळ आली की ८.८.८.८ ला ती नावं कुठून माहीत असणार? ती फक्त आतल्या डीएनएसकडे असतात.

जुना_जाणता | मंगळवार, ०६:१५

धागाकर्तीने दिलेल्या माहितीत सगळ्यात मोलाची गोष्ट आहे तो पाचचा आकडा. रोज, प्रत्येक वेळी, बरोबर पाच. इंटरनेट मंद असतं तर कधी दोन सेकंद लागले असते, कधी आठ. इतका नेमका आकडा आला की तिथे कोणाचा तरी थांबायचा ठरलेला वेळ आहे असं समजावं.

आणि तो वेळ माहितीचा आहे. लिनक्सवर बहुतेक प्रोग्रॅम जीलिबसी या मूळ लायब्ररीकडून नावं शोधून घेतात. जीलिबसी रिझॉल्व्ह.कॉन्फमधले फक्त पहिले तीन नेमसर्व्हर जमेस धरते, चौथा लिहिला तरी त्याला कोणी विचारत नाही. पहिल्याला विचारायचं, ५ सेकंद वाट बघायची, उत्तर नाही आलं तर दुसऱ्याकडे जायचं. टाइमआउट या पर्यायाचं ठरलेलं मूल्य ५ आहे आणि अटेम्प्ट्सचं २. पहिला मेलेला आहे हे ती दुसऱ्या प्रोग्रॅमसाठी लक्षातही ठेवत नाही. प्रत्येक नवी कमांड पुन्हा पहिल्याचंच दार ठोठावते. पाच सेकंद. मग दुसरं दार, आणि ते उघडतं.

माझा अंदाज असा: तुमच्या फाईलीत पहिल्या ओळीवर एक पत्ता आहे जिथे कोणी राहत नाही, आणि दुसऱ्या ओळीवरचा जिवंत आहे.

एक गैरसमज इथेच दूर करतो, कारण तो सगळीकडे दिसतो. दुसरा नेमसर्व्हर म्हणजे दुसरं मत नव्हे. पहिल्याने ‘असं नाव अस्तित्वात नाही’ असं स्वच्छ उत्तर दिलं, तर तेच अंतिम. दुसऱ्याला विचारलं जात नाही. पहिला गप्प राहिला किंवा त्याने चूक कळवली, तरच दुसऱ्याची पाळी येते. ‘पहिल्यावर ऑफिसचा, दुसऱ्यावर बाहेरचा, म्हणजे दोन्हीकडची नावं सापडतील’ असं समजून लोक ओळी लिहितात, आणि म्हणूनच ते चालत नाही.

अवांतर: मी हे काम सुरू केलं तेव्हाचे सहकारी /ईटीसी/होस्ट्सबद्दल आदराने बोलत, आणि त्याला कारण आहे. डीएनएस येण्याआधी सगळ्या नेटवर्कची नावं एकाच यादीत असत. स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये ती यादी सांभाळली जाई आणि प्रत्येक मशीन ती उतरवून घेई. मशीनं वाढली तशी ती यादी पुरेना. मग पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये डीएनएसचा आराखडा मांडला, आरएफसी (इंटरनेटचे नियम मांडणारे दस्तऐवज) ८८२ आणि ८८३. १९८७ मध्ये त्यांच्या जागी १०३४ आणि १०३५ आले, आणि आजचं डीएनएस त्या दोघांवरच उभं आहे. तुमच्या मशीनवरची होस्ट्स फाईल हा त्या जुन्या यादीचा वारसा. आजही बहुतेक ठिकाणी आधी तिलाच विचारलं जातं, डीएनएसला नंतर.

रानवाटा | मंगळवार, ०८:४०

जुना_जाणता काका, होस्ट्सबद्दल वाचून छान वाटलं.

पाच सेकंदांशी संबंध नाही, पण डीएनएसचाच अनुभव आहे म्हणून लिहितो. एका जुन्या मशीनवर मी स्वतःचा अनबाउंड हा डीएनएस सर्व्हर चालवतो, डीएनएससेकची (उत्तरांवरच्या डिजिटल सह्यांची) पडताळणी चालू ठेवून. एकदा घरातली वीज बराच वेळ गेली. परत आल्यावर त्या मशीनवर एकही नाव सापडेना, सगळीकडे सर्व्हफेल, म्हणजे ‘सर्व्हरला उत्तर देता आलं नाही’. जाळं ठीक, केबल ठीक, बाहेरच्या सर्व्हरला थेट विचारलं तर उत्तर येतं. मी अनबाउंड काढून पुन्हा बसवला, तरी तेच.

मग डिग या डीएनएसला प्रश्न विचारणाऱ्या कमांडला +सीडी जोडून विचारलं. त्याचा अर्थ ‘पडताळणी करू नकोस, आहे ते दे’. लगेच उत्तर आलं! म्हणजे उत्तर पोचतंय, पण सही पटत नाही. सही का पटत नाही? डेट चालवलं तर मशीनचं घड्याळ कित्येक वर्षं मागे. मदरबोर्डवरची सीआर२०३२ बॅटरी संपलेली. डीएनएससेकच्या प्रत्येक सहीला ‘या वेळेपासून या वेळेपर्यंत वैध’ अशी मुदत असते. माझ्या मशीनच्या दृष्टीने त्या सह्या अजून सुरूच व्हायच्या होत्या.

गंमत पुढे आहे. घड्याळ आपोआप लावणारी सेवा चालू होती, पण तिला वेळ सांगणाऱ्या सर्व्हरचं नाव शोधायचं होतं. नाव शोधायला डीएनएस हवं, डीएनएसला खरी वेळ हवी. दोघं एकमेकांची वाट बघत बसले होते. हाताने तारीख लावली आणि दोन्ही सुटले. बॅटरी बदलली. आता सगळीच नावं सर्व्हफेल झाली की मी आधी घड्याळ बघतो.

सांजवेळ | मंगळवार, ०९:२२

धागा छान चाललाय, माझाही प्रश्न यातच विचारते. फेडोरावर व्हीपीएन जोडला की ऑफिसच्या आतली नावं सापडत नाहीत, बाकीचं इंटरनेट मस्त. व्हीपीएनला डीएनएस मिळालेला रिझॉल्व्हसीटीएलमध्ये दिसतो. मग तो वापरला का जात नाही?

तिसरा_डोळा | मंगळवार, ०९:५०

सांजवेळ, रिझॉल्व्हडीची पद्धत जीलिबसीच्या सरळ रांगेपेक्षा वेगळी आहे. तो प्रत्येक जोडणीचे नेमसर्व्हर वेगळे ठेवतो आणि नाव बघून ठरवतो की कोणत्या जोडणीला विचारायचं. तुमच्या व्हीपीएनने नेमसर्व्हर दिला, पण ‘या डोमेनची नावं माझ्याकडे पाठव’ हे बहुधा सांगितलं नाही.

रिझॉल्व्हसीटीएल डोमेन चालवून व्हीपीएनच्या ओळीपुढे काही दिसतंय का बघा. रिकामं असेल तर नेटवर्कमॅनेजरमध्ये त्या व्हीपीएनच्या आयपीव्ही४.डीएनएस-सर्च या जागी ऑफिसचं डोमेन लिहा, आधी ~ हे चिन्ह लावून. त्या चिन्हाचा अर्थ ‘हे डोमेन फक्त वाट ठरवायला वापर, अर्धवट नावांना शेपूट म्हणून जोडू नकोस’. नुसतं ~. लिहिलं तर बाकी जोडण्यांनी स्वतःची म्हणून सांगितलेली डोमेनं सोडून सगळी नावं व्हीपीएनकडे जातात. काही ऑफिसांना तेच हवं असतं, पण विचारून घ्या.

सांजवेळ | मंगळवार, १०:३१

रिकामंच होतं. ~ लावून लिहिलं, व्हीपीएन तोडून पुन्हा जोडला, आतली नावं सापडायला लागली. खूप खूप आभार. दोन महिने मी होस्ट्स फाईलीत एकेक पत्ता हाताने लिहीत होते.

कोरी_पाटी | मंगळवार, २०:०५

सगळ्यांचे आभार, इतके प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. मशीन पुन्हा सुरू करून सगळं तपासलं.

मुक्ता_क ताई, बरोबर ओळखलंत. डीएनएस ओव्हर एचटीटीपीएस मीच कधीतरी चालू केलं होतं. बंद केलं तर फायरफॉक्ससुद्धा अडखळायला लागला.

एलएस -एल मध्ये बाण नाही, खरी फाईल आहे. आतला मजकूर असा:

पहिली ओळ: जनरेटेड बाय नेटवर्कमॅनेजर
नेमसर्व्हर १९२.१६८.१.५०
नेमसर्व्हर १९२.१६८.०.१

१९२.१६८.०.१ हा राउटर आहे. वरचा कोणाचा ते माहीत नाही.

तिसरा_डोळा | मंगळवार, २०:१७

जुना_जाणता काकांचा अंदाज तंतोतंत.

खात्री करून घेऊ. डिग @१९२.१६८.१.५० आणि पुढे कुठलंही नाव, मग डिग @१९२.१६८.०.१ आणि तेच नाव. डिगला @ लावून दिलं की तो फक्त त्या एकाच सर्व्हरला विचारतो, त्यामुळे कोण जिवंत आहे ते वेगळं कळतं. सोबत टाइम गेटेंट एहोस्ट्स आणि नाव, हेही चालवा. गेटेंट जीलिबसीच्या वाटेनेच जातो, म्हणून तुमच्या बाकीच्या प्रोग्रॅमना जे भोगावं लागतं तेच त्याला लागेल.

आणि एक प्रश्न: गेल्या पंधरवड्यात राउटर बदललात का? तुमचं नेटवर्क आता १९२.१६८.० चं आहे आणि तो अनोळखी पत्ता १९२.१६८.१ चा. तो आजच्या घरातला पत्ताच नाही.

कोरी_पाटी | मंगळवार, २०:४४

.५० कडून काहीच उत्तर नाही, सर्व्हरपर्यंत पोचता आलं नाही असा संदेश. राउटरकडून १४ मिलिसेकंदांत उत्तर. गेटेंटला ५.०२ सेकंद.

आणि राउटर हो, बदलला! बारा दिवसांपूर्वी. तुम्ही विचारल्यावर सगळं आठवलं. दोनेक वर्षांपूर्वी माझ्या भावाने जाहिराती अडवण्यासाठी एक छोटं यंत्र लावून दिलं होतं, आणि माझ्या लॅपटॉपच्या वायफाय सेटिंगमध्ये त्याचा पत्ता हाताने लिहिला होता. तोच १९२.१६८.१.५०. नवा राउटर आला तेव्हा जुन्याबरोबर ते यंत्रही काढून कपाटात ठेवलं. पण नव्या राउटरला वायफायचं नाव आणि पासवर्ड मी जुनाच दिला, म्हणजे फोन आणि टीव्ही पुन्हा जोडत बसायला नको.

तिसरा_डोळा | मंगळवार, २०:५८

मग सगळे धागे जुळले. नाव आणि पासवर्ड तोच, म्हणून नेटवर्कमॅनेजरच्या लेखी हे जुनंच वायफाय. त्याने जुनी जोडणी उचलली आणि तिच्यासोबत भावाने लिहिलेला पत्ताही आला. हाताने लिहिलेले पत्ते तो आधी ठेवतो आणि राउटरने दिलेले नंतर. फोनमध्ये काही हाताने लिहिलेलं नव्हतं, त्याला नव्या राउटरने पत्ता दिला आणि तो सुखात राहिला. यात डेबियनचं, राउटरचं, कोणाचंच चुकलं नाही.

आता इलाज मालकाकडेच करा. एनएमसीएलआय कनेक्शन शो चालवून जोडणीचं नाव बघा. मग एनएमसीएलआय कनेक्शन मॉडिफाय, जोडणीचं नाव, आयपीव्ही४.डीएनएस आणि शेवटी रिकामे अवतरण "". त्यानंतर एनएमसीएलआय कनेक्शन अप आणि जोडणीचं नाव. वायफाय सेटिंगच्या खिडकीतून तो पत्ता खोडला तरी चालेल, दोन्ही एकच.

रिझॉल्व्ह.कॉन्फला हात लावू नका. ती स्वतःहून बदललेली दिसेल.

कोरी_पाटी | मंगळवार, २१:०९

बदलली! आता आत फक्त १९२.१६८.०.१ आहे. गेटेंटला ०.०२ सेकंद. मशीन दोनदा बंद-चालू करून पाहिलं, तसंच आहे. बारा दिवसांनी पहिल्यांदा एसएसएच एका झटक्यात आत गेलं, फार बरं वाटलं.

खटपट्या | मंगळवार, २१:२०

छान झालं. मी सांगितलेलं कुलूप लावलं असतं तर अडचण दिसेनाशी झाली असती, पण तो जुना पत्ता जोडणीत तसाच पडून राहिला असता, हे मान्य करतो. माझं मशीन टेबलावरचं आहे, एकाच नेटवर्कवर, म्हणून मला कधी त्रास झाला नाही. तरी आज कुलूप काढून नेटवर्कमॅनेजरमध्येच पत्ते लिहिले.

पिंपळपान | मंगळवार, २१:२६

खटपट्या, मनापासून आनंद झाला.

मुक्ता_क | बुधवार, ०७:५५

तिसरा_डोळा यांनी डिग आणि गेटेंट दोन्ही चालवायला सांगितले, त्यामागचं कारण ठळकपणे नोंदवते, कारण मी यातच अडकले होते. डिग थेट नेमसर्व्हरला विचारतो. तो होस्ट्स फाईल बघत नाही, नाव कुठे कुठे आणि कोणत्या क्रमाने शोधायचं ते ठरवणारी एनएसस्विच.कॉन्फही बघत नाही. त्यामुळे डिगला उत्तर मिळतं आणि पिंगला मिळत नाही, असं होऊ शकतं.

माझ्याकडे फाईली साठवायचं मशीन होतं, त्याचं नाव मी .लोकलने संपणारं ठेवलं होतं आणि ते राउटरच्या डीएनएसमध्ये लिहिलं होतं. डिग लगेच पत्ता सांगायचा, पिंग मात्र ‘नेम ऑर सर्व्हिस नॉट नोन’. माझ्या एनएसस्विचच्या होस्ट्स ओळीत डीएनएसच्या आधी एमडीएनएस४_मिनिमल आणि त्याला जोडून ‘नॉटफाउंड=रिटर्न’ होतं. .लोकल हे २०१३ च्या आरएफसी ६७६२ ने एमडीएनएससाठी (घरातली उपकरणं एकमेकांनाच नाव विचारतात ती पद्धत) राखून ठेवलेलं आहे. तिथे सापडलं नाही की शोध तिथेच संपतो, डीएनएसपर्यंत पोचतच नाही. लोक ती ओळ खोडायला सांगतात. मी खोडली नाही, नाहीतर प्रिंटर सापडायचा बंद झाला असता. मशीनचं नाव बदलून होम.आर्पामध्ये नेलं. घरच्या नेटवर्कसाठी २०१८ च्या आरएफसी ८३७५ ने तेच ठरवून दिलं आहे.

रानवाटा | बुधवार, ०८:३०

होम.आर्पाबद्दल माहीत नव्हतं. माझं सगळं .लोकलवर आहे. शनिवारी बदलतो.

कोरी_पाटी | बुधवार, २१:४०

भावाशी बोलणं झालं. ते यंत्र पुन्हा लावतोय, पण या वेळी त्याचा पत्ता माझ्या लॅपटॉपमध्ये लिहायचा नाही, राउटरच्या डीएचसीपीमध्ये लिहायचा असं ठरलं. म्हणजे राउटरच सगळ्यांना सांगेल कोणाला विचारायचं ते. फायरफॉक्समधलं डीएनएस ओव्हर एचटीटीपीएस तूर्त बंद ठेवलंय, नाहीतर तो त्या यंत्राला वळसा घालून जाईल.

एकच विचारायचं राहिलं. राउटरच्या डीएचसीपीमध्ये दुसऱ्या नेमसर्व्हरची जागा आहे. तिथे राउटरचाच पत्ता देऊ का?

जुना_जाणता | गुरुवार, ०६:०५

रिकामी ठेवा. फोन, टीव्ही अशी काही उपकरणं क्रम पाळत नाहीत, दोन पत्ते दिसले की मन मानेल त्याला विचारतात, आणि मग जाहिराती कधी अडतील, कधी नाही. यंत्र बंद पडलं तर नावं सापडणार नाहीत हे खरं, पण ते लगेच कळेल.

कोरी_पाटी | गुरुवार, २०:१२

रिकामी ठेवली. यंत्राला राउटरमध्ये कायमचा पत्ता नेमून दिला आणि तो कागदावर लिहून राउटरच्या पाठीला चिकटवलाय, तारखेसकट.